पिवळं मलम

१२ जानेवारी

प्रिय निवांतराव,

अक्षर ओळखलंस का? नसेल ओळखलं तर खालची सही बघ आणि मग खुशाल फाडून टाक. मी तुझी मावसबहीण, ताई. पस्तीस वर्षांनी लिहिते आहे. पत्ता तू जिथे काम करायचास त्या चष्म्याच्या दुकानातून मिळवला. मालकाचा मुलगा म्हणाला, "त्यांच्यासारखा काच घासणारा माणूस पुन्हा मिळाला नाही." ऐकून बरं वाटलं. मग वाटलं, बरं वाटून घ्यायचा मला काय अधिकार?

मुद्द्यावर येते, नाहीतर म्हणशील, ताई अजून तशीच पाल्हाळ लावते.

गेल्या महिन्यात माझ्या उजव्या हाताच्या दोन नखांच्या कडा सुजल्या. निवृत्त झाल्यापासून भांडी मीच घासते, हात सदा पाण्यात. डॉक्टर म्हणाले बुरशी आहे, आणि एक मलम दिलं. पिवळं. झाकण काढलं, वास आला, आणि मी तिथेच मोरीपाशी स्टूल ओढून बसले. तुझ्या बोटांचा वास रे! प्रयोगशाळेत सगळ्यांच्या काचा तूच धुवायचास. नखं कायम पिकलेली आणि त्यांवर हे पिवळं मलम फासलेलं. सर म्हणायचे, "याची बोटं बघितली की जेवण जात नाही."

मग मी नळीवरचं औषधाचं नाव वाचलं. निवांता, ते नाव मी तीस वर्षं जवळजवळ रोज वाचलंय. आमच्या विभागाच्या फ्रीजमधल्या बाटलीवर तेच होतं. पोरांना मीच शिकवायची, की पेशीच्या आतलं काही न विस्कटता तिची वीज मोजायची असेल तर काचेच्या नळीत हे बुरशीचं औषध कणभर घाला. इतकी वर्षं शिकवलं आणि एकदाही, एकदाही मला तुझी बोटं आठवली नाहीत.

तू नळी भरायची ती लांब सुई बोटांच्या चिमटीत पुसायचास. आम्ही कागदाने पुसायचो. तू म्हणायचास, कागद कशाला फुकट घालवायचा. म्हणजे तुझ्या नळीत ते औषध जात होतं. म्हणजे तुला जे दिसलं ते खरंच दिसलं होतं.

आता कामाचं. संस्थेचा इतिहास छापायचा आहे आणि आमच्या विभागाचं प्रकरण माझ्या गळ्यात पडलंय. जुन्या नोंदवहीत तुझ्या नावापुढे लिहिलंय: "नोंदीत फेरफार, सबब कमी केले." मी काही केलं नाही तर तेच छापून जाईल आणि तेच राहील. एप्रिलअखेर मजकूर द्यायचा आहे. पेनाने रेषा काढणाऱ्या यंत्राच्या तुझ्या कागदी गुंडाळ्या होत्या ना तीन? जाताना तू बरोबर नेल्या होत्यास. त्या आहेत का? असतील तर तुझं नाव मी स्वच्छ करून घेईन.

तुझी
ताई


२९ जानेवारी

ताई,

पत्र पोचलं. माझे डोळे काचबिंदूने गेले, त्याला चार वर्षं झाली. त्यामुळे हे मी सांगतोय आणि बायको लिहिते आहे. गुंडाळ्या नाहीत. घर बदललं तेव्हा गेल्या. जुनं ते जुनं राहू दे. माझ्यावाचून कुठल्या इतिहासाचं अडत नाही. नखं कोरडी ठेव. मलमाने तेवढा गुण येत नाही, कोरडं ठेवल्याने येतो.

तुझा भाऊ

वरचं त्यांनी सांगितलं तसं लिहिलं, एक शब्द इकडचा तिकडे नाही. आता खालचं माझं. हे मी त्यांना वाचून दाखवणार नाही.

तुम्ही नात्याने माझ्या वन्सं, म्हणून वन्सं म्हणते. लग्नाला तेहतीस वर्षं झाली आणि अशी एक नणंद आहे हे मला या महिन्यात कळतंय. धन्य आहे! मला सांगितलं होतं की प्रयोगशाळा बंद पडली म्हणून नोकरी गेली. आता ऐका. तुमचं पत्र मी जेवताना मोठ्याने वाचत होते. "नोंदीत फेरफार" इथपर्यंत आले आणि ते उठले. ताट तसंच टाकून भिंत चाचपत आत गेले. माणसाला पत्र लिहिताना ते कोण वाचणार आहे याचा थोडा तरी विचार करावा की नाही? डोळे गेल्याचं तुम्हाला माहीत नव्हतं म्हणा. पण पस्तीस वर्षांत माहीत करून घ्यायला कोणी अडवलं होतं?

असो. मी शिवणकाम करते, मला पेशीबिशी काही कळत नाही. माझ्या नवऱ्यावर कसला आळ आला होता, ते मला समजेल अशा भाषेत लिहा. तुमचं पत्र वाचायचं मलाच आहे, तर कळून तरी वाचू दे.

आणि हे निवांतराव काय प्रकरण आहे? आवरा, आवरा म्हणून मी तेहतीस वर्षं घसा कोरडा केला. हे नाव आधी कळलं असतं तर नादच सोडला असता.


११ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

तुम्ही रागावलात ते बरोबर आहे. तुमच्या जागी मी असते तर पत्र चुलीत घातलं असतं. हे खुशाल मोठ्याने वाचा.

सुई टोचली की बोट मागे येतं ना, ते काम मज्जापेशींचं. एकीकडून दुसरीकडे वर्दी नेतात त्या पेशी. त्यांना वीज लागते, आणि ती वीज म्हणजे मिठासारख्या क्षारांचे कण. पेशीच्या भिंतीला हजारो बारीक दारं असतात, त्यांतून हे कण आतबाहेर करतात. त्यांतलं एक दार कायम किलकिलं असतं. त्यातून कण बाहेर झिरपत राहतात, म्हणून पेशी शांत बसते, उगाच पेटत नाही. ते दार लागलं की मात्र ती कान टवकारते. मग जराशा निमित्ताने ती जागी होते.

आता हे दार लावतं कोण? भिंतीत आणखी एक असतो, त्याला आम्ही रिसेप्टर म्हणतो. तुम्ही त्याला दारावरचा माणूस म्हणा. बाहेरून निरोप येतो तो हा घेतो. निरोप्याला आत सोडत नाही, स्वतः दारालाही हात लावत नाही. फक्त आत वळून सांगतो. आतले मग एकमेकांना सांगत जातात आणि लांबचं ते किलकिलं दार लागतं. काही सेकंद जातात यात.

आमचं काम असं, की केसाहून बारीक काचेची नळी पेशीला चिकटवायची, दुसरं टोक तोंडात धरून जरा ओढायचं, भिंत फुटली की वीज मोजायची. मी निरोपाचं औषध सोडायची तर काही व्हायचं नाही. दार उघडं ते उघडंच. शंभर वेळा केलं. चार वर्षं घालवून मी प्रबंध लिहिला, की ही पेशी हा निरोप ऐकत नाही.

त्याच वेळी शेजारच्या टेबलावर तुमच्या नवऱ्याला ते दार लागताना दिसलं. एकदा नाही, दोनदा.

त्याला ओढणं जमायचं नाही. म्हणायचा, "ओढलं की ती मरते, ताई, बघवत नाही." नळी चिकटवायची आणि चहा घेऊन बसायचं, पंधरा-वीस मिनिटं. म्हणायचा, "ती आपणहून दार उघडते." म्हणजे न फोडताच वीज मोजू देते. आम्ही खो खो हसायचो. निवांतराव हे नाव तेव्हाचं, आणि ठेवणारी मीच.

आता कळतंय ते असं. आम्ही भिंत फोडायचो तेव्हा आमच्या नळीतलं पाणी आत शिरून पेशीच्या आतलं सगळं धुऊन न्यायचं. सांगणारे आतले जे होते तेच वाहून जायचे. मग निरोप पोचणार कसा? आधी पेशी रिकामी करायची आणि मग म्हणायचं, ही ऐकत नाही. त्याच्या नळीत मलमातलं औषध होतं. ते भिंतीला इतकी बारीक भोकं पाडतं की वीज बाहेर येते, पण आतले जागच्या जागी राहतात. त्याला हे माहीत नव्हतं. त्याच्या पिकलेल्या नखांना माहीत होतं म्हणा हवं तर.

तिसऱ्या वेळी सरांसमोर करून दाखवायचं होतं. तेव्हा गडबड झाली आणि त्याला काढलं.

दोन वर्षांनी दुसऱ्या कुणी दुसरीकडे हेच सिद्ध केलं. मी छापलेलं वाचलं. तेव्हा लिहायला हवं होतं. मी स्वतःची समजूत घातली की निवांताला ते अंदाजाने लागलं असणार. बास, एवढंच.

तुमची
ताई


२ मार्च

ताई,

तुझं पत्र घरात चार वेळा वाचलं गेलं. दारावरचा माणूस आमच्या बाईसाहेबांना फार आवडला आहे. काल दूधवाल्याने दूध दिलं, ही भांडं घेऊन आत आली आणि मला म्हणते, "निरोप घेतलाय, आता दार कोण लावणार, आतल्यांनी बघा." आंधळ्याला उठवून दार लावायला लावलं. लिही म्हटलं हे, तर लिहिताना हसते आहे.

इतक्या वर्षांत त्या खोलीबद्दल कुणाशी बोललोच नव्हतो. टेबलाभोवतीचा तो जाळीचा पिंजरा, त्याच्या दाराचा करकर आवाज, तुझ्या पाण्याच्या बाटल्यांवरची लाल अक्षरातली "हात लावू नये" ही ताकीद. पहिल्यांदा ती रेषा आली तो दिवस तर कालच्यासारखा आहे. औषध सोडलं. थोडा वेळ काहीच नाही. मग पेन हळूहळू खाली यायला लागलं आणि खाली येऊन थांबलं. औषध धुतलं, तर परत वर गेलं, अगदी होतं तिथे. मी कप खाली ठेवायचा विसरलो होतो. चहा पार गार झाला.

नखांच्या मलमाने एवढं केलं असेल हे डोक्यात यायला तूच हवीस. पण लिहू नकोस ताई. मनापासून सांगतो, नको.

तुझा भाऊ

वन्सं, खालचं माझं.

हे "नको" काही मला पटलेलं नाही. लिहून घेताना मी भांडले. ते नुसते बोटांची टोकं एकमेकांवर घासत राहिले. पूर्वी दुकानात काचा घासायचे तशी. माझ्या सासूबाई, म्हणजे तुमच्या मावशी, जाताना माझा हात धरून म्हणाल्या होत्या, "माझ्या पोराने कुणाच्या कशाला हात लावला नाही." तेव्हा मला वाटलं वाताच्या भरात बोलतायत. आता अर्थ लागतोय. त्यांच्यासाठी तरी छापाच. आमची लेक लांब नोकरीला आहे, तिलाही बापाचं नाव छापलेलं बघू दे. मी भिंतीवर लावीन.

त्यांचे पाय सुजलेत. डॉक्टर मूत्रपिंडाचं काहीतरी म्हणतात. जेवण निम्म्यावर आलंय. तेव्हा जे करायचं ते लवकर करा.


तारीख शिक्क्यावर बघ

ताई,

पट्टी धरून लिहितोय. ओळी एकमेकींच्या अंगावर गेल्या तर सावकाश सोडव. ती कापड आणायला गेली आहे. हे पाकीट मी तिच्याकडेच टाकायला देणार, दुसरं आहे कोण. सांगेन की विम्याचं काही आहे.

तिसरी रेषा मी केली.

त्या आठवड्यात नखं बरी झाली होती. आई म्हणाली, सुटलास एकदाचा. मलम बंद केलं. मग सरांसमोर बसलो, नळी चिकटवली, वीस मिनिटं थांबलो, ती काही दार उघडेना. सर घड्याळ बघतायत. शेवटी तुमच्यासारखं ओढलं. औषध सोडलं. पेन सरळच्या सरळ. म्हटलं आता येईल, आता येईल. आणि डाव्या अंगठ्याने पेन वरखाली करायचं बटण फिरवलं, अगदी सावकाश, जशी रेषा पहिल्या दोन वेळा आली होती तशी. मला ती पाठच होती ना. त्या क्षणी खोटं करतोय असं वाटलंच नाही. वाटलं, खरीच आहे, जरा अडकली आहे, मी हात देतोय.

सरांनी विचारलं, बटणाला हात लावलास? म्हटलं, हो. पुढे काय बोलणार? तीनातली एक खोटी असताना दोन खऱ्या आहेत, हे कोणत्या तोंडाने सांगायचं.

त्याहून वाईट नंतर झालं. मलाच कळेना, की पहिल्या दोन वेळाही माझाच अंगठा असेल का? नकळत? पस्तीस वर्षं मला माझ्या हाताची खात्री नव्हती. दुकानात काच घासताना सुद्धा प्रत्येक काच तीनदा मोजायचो. तुझं पहिलं पत्र आलं तेव्हा ताटावरून उठलो तो रागाने नव्हे. रडू आलं म्हणून उठलो. तिला वाटलं रागावलो.

तिला यातलं काही माहीत नाही. डबा घेऊन दुकानात यायची तेव्हा गिऱ्हाइकाने काचेबद्दल शंका काढली की ही म्हणायची, "यांनाच विचारा, यांना खोटं बोलता येत नाही." तेहतीस वर्षं ऐकतोय.

लिहायचं तर तिन्ही लिहावं लागेल. दोनच लिहिलंस तर ते आणखी एकदा बटण फिरवणं झालं. आणि तिन्ही लिहिलंस तर मला वाचून कोण दाखवणार? तीच. म्हणून नको म्हणतोय. याचं उत्तर पाठवू नकोस.


२० मार्च

निवांता,

हे पत्र वहिनी वाचणार हे लक्षात ठेवून लिहिते आहे, आणि तरीही लिहिते आहे. तुझं काही सांगायचं नाहीये मला. माझं सांगायचं आहे.

पहिल्या दिवशी ती रेषा आली तेव्हा मी दारात उभी होते. काचेचं भांडं परत मागायला आले होते. तू पाठमोरा होतास. तुझी बोटं ठणकत होती म्हणून तू कप दोन्ही हातांनी धरून शेकत होतास. पेन खाली आलं तेव्हा तुझे दोन्ही हात कपावर होते. परत वर गेलं तेव्हाही. मी काही न बोलता निघून गेले. चार दिवसांनी पुन्हा आली, तेव्हाही मी तिथेच, तेव्हाही कप.

माझा प्रबंध तेव्हा बांधणीला गेला होता. तू खरा असशील तर माझी चार वर्षं खोटी होत होती. नंतर सरांनी मला बोलावून एकच प्रश्न विचारला आणि मी त्याचं उत्तर दिलं. ते उत्तर खरं होतं. पण पहिल्या दोन वेळांचं त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. मला सांगता आलं असतं. तोंड उघडायचं होतं फक्त.

मावशी माझ्या खोलीवर आली होती. बसली सुद्धा नाही. म्हणाली, "तू तिथे होतीस ना?" मी म्हटलं, "हो." ती थोडा वेळ थांबली, मी पुढे काही बोलेन म्हणून. मग चप्पल घालून गेली. आठ वर्षं मी तिच्या हातचं जेवले होते रे.

म्हणून आता नीट ऐक. पहिल्या दोन्ही वेळा तुझे हात कपावर होते. तुझ्या हाताची साक्षीदार मी आहे. यात शंका घेऊ नकोस, झोपेतसुद्धा घेऊ नकोस.

छापेन तर सगळं छापेन, माझ्या नावासकट. अर्धं छापणार नाही. आणि तू हो म्हटल्याशिवाय एक अक्षरही नाही.

तुझी
ताई


४ एप्रिल

वन्सं,

ते दवाखान्यात आहेत. गेल्या शुक्रवारी न्हाणीघरात पडले, तेव्हापासून डोळे उघडलेले नाहीत. तुमचं पत्र सोमवारी आलं.

आधी एक सांगून टाकते. ते विम्याचं पाकीट मी वाचलं. त्यांना कड दिसत नाही, अर्धं चिकटवलं होतं, अर्धं उघडं. विम्याचं कसलं डोंबलाचं, पत्ता तुमचा! पोस्टाच्या पायऱ्यांवर बसून वाचलं, मग डिंक लावून टाकलं. राग आला. बटण फिरवलं म्हणून नाही हो. पंचविशीतलं पोर, समोर सर बसलेले, फिरवलं असेल. मला न सांगता एवढं ओझं एकट्याने वाहिलं म्हणून आला. घरी येऊन पातेली आदळली. म्हणाले, "काय झालं?" म्हटलं, "काही नाही." घ्या, खोटं बोलणारी मीही झाले.

म्हटलं रविवारी सांगू. पहिले रविवार धीरच झाला नाही, म्हटलं पुढच्या रविवारी नक्की. रविवारी मशीन बंद असतं, घर शांत असतं. शेजारी बसून सांगायचं, की अहो, मला माहीत आहे सगळं, आता जेवा नीट. शब्दसुद्धा ठरवून ठेवले होते. शुक्रवारी ते पडले.

तुमचं पत्र मी त्यांना वाचून दाखवलं. खाटेपाशी बसून, नेहमी वाचते तसंच, मोठ्याने. सिस्टर आली आणि म्हणाली, "आजी, त्यांना काही कळत नाहीये, उगाच दमू नका." मी म्हटलं, तुम्ही तुमच्या नळ्या बघा. नळ्या घालून आतलं सगळं धुऊन काढायचं आणि मग म्हणायचं ऐकत नाहीत, हे मला शिकवू नका, माझ्या नणंदेने मला लिहून कळवलंय.

ते साक्षीदाराचं वाक्य दोनदा वाचलं. मग माझं सांगितलं. त्यांचा डावा अंगठा माझ्या मुठीत धरला आणि म्हटलं, याचंही माहीत आहे मला, आणि काहीसुद्धा बिघडलेलं नाही.

काही हललं नाही. तुम्हाला खोटं कशाला लिहू.


८ एप्रिल

वहिनी,

मी येऊ का? फक्त हो किंवा नाही कळवा. बॅग भरून ठेवली आहे. त्याच्याशी एकदा समोर बसून बोलायचं आहे, त्याने ऐकलं नाही तरी चालेल.

ताई


२७ एप्रिल

वन्सं,

तुमची चिठ्ठी बारा तारखेला आली. ते नऊ तारखेला सकाळी गेले. लेक पोचली होती. मग तुम्हाला कळवायचं राहिलं, म्हणजे राहू दिलं. तेव्हा तुम्ही यायला नको होतात मला. पुढचं पुढे बघू.

लेक परत गेल्यावर मी घर आवरायला काढलं. आमच्या स्वयंपाकघरातल्या फडताळात तीन फळ्या आहेत. त्यांवर पहिल्यापासून जाड पांढरा कागद घातलेला. दर वर्षी पुसताना मी म्हणायची, बदलू या आता हा, पिवळा पडला. ते म्हणायचे, "असू दे, जाड आहे, टिकतो." मीही म्हणायची, टिकतो खरा. परवा साखरेचा, चहाचा, पिठाचा डबा खाली काढला, कागद ओढला, तर पाठीमागून निळ्या बारीक चौकटी. आणि मधून एक काळी रेषा. सरळ जाते, मग खाली उतरते, खाली राहते, परत वर येते. तुमचा दारावरचा माणूस.

तेहतीस वर्षं मी त्याच्यावर डबे मांडत होते.

कडेला पेन्सिलीने त्यांचं अक्षर आहे. वरच्या फळीच्या कागदावर लिहिलंय: "बोटं ठणकतायत. मलम लावलं. चहा गरम. आली!" मधल्या फळीवर: "पुन्हा आली. ताईने पाहिलं."

हे मी तीनदा वाचलं, वन्सं. ताईने पाहिलं. म्हणजे तुम्ही दारात होतात हे त्यांना तेव्हाच माहीत होतं. आणि ना सरांसमोर तुमचं नाव घेतलं, ना आईजवळ, ना माझ्याजवळ, ना तुमच्या पत्रांच्या उत्तरात. मला कोडं पडलं होतं, की शहाणासुरता माणूस स्वतःच्या हातावर शंका कशी घेतो? ते इथे सुटलं. पाहणारी तुम्ही होतात आणि तुम्ही गप्प राहिलात. त्यांना वाटलं असणार, ताईला काहीतरी दिसलं असेल, त्याशिवाय ती गप्प कशाला राहील. त्यांना तुम्ही खोट्या वाटल्या नाहीत. स्वतःचाच हात खोटा वाटला. हे तुम्हाला लागावं म्हणूनच लिहिते आहे. कोणाला तरी लागायला हवं ना.

तिसरा कागद खालच्या फळीचा, पार आतल्या बाजूचा. त्यावर दोनच शब्द आहेत: "हात माझा."

सगळं तुमच्याकडे एप्रिलअखेर पोचायला हवं म्हणून आजच रजिस्टरने पाठवते आहे. डब्यांचे गोल डाग पडलेत, त्याला इलाज नाही. छापायला माझी हरकत नाही. त्यांचं "नको" माझ्यासाठी होतं, आणि ते कारण आता उरलेलं नाही. तिन्ही छापा. पहिल्या दोन त्यांच्या आहेत, तिसरीही त्यांचीच आहे. त्यातली एकही मी टाकून देणार नाही. कप कोणी पाहिला आणि कोण गप्प राहिलं, ते तुम्ही तुमच्या हाताने लिहा. त्यात मी शब्द सुचवणार नाही.

फळ्यांवर नवा कागद घातला आहे. फुलाफुलांचा मिळाला, अगदी पातळ.

छापून आलं की एक प्रत पाठवा. मला मोठ्याने वाचायची सवय लागली आहे.

तुमची भावजय